मॅन पेज सगळं सांगतं, फक्त क्रम सांगत नाही

पीएचडीला लागलात की कधी ना कधी लॅबचा मोठा स्टोरेज सर्व्हर तुमच्या गळ्यात पडतोच. मग आपण ईएक्सटी-४ फाइलसिस्टीम बनवणाऱ्या एमकेई-२-एफएस या कमांडचं मॅन पेज उघडतो. आज त्या पानाकडे एक लेखन म्हणून बघूया.

आधी त्याची चांगली बाजू. पान नेमकं आहे, काटेकोर आहे. पण त्यातले पर्याय अक्षरक्रमाने लावलेत आणि सगळ्यांना वजन जवळपास सारखंच. त्यामुळे कुठला निर्णय नंतर बदलता येतो आणि कुठला नाही, हा खरा प्रश्न मागे पडतो.

१६ टीबीची डिस्क घेऊ (१ टीबी म्हणजे १०२४ जीबी). 'एम' पर्यायाने रूट यूजरसाठी जागा राखीव राहते. काही सांगितलं नाही तर ५ टक्के, म्हणजे सुमारे ८१९ जीबी! नुसत्या डेटासाठी ठेवलेल्या डिस्कवर एवढी जागा अडकवणं बहुधा जास्तच होतं. पण घाबरू नका. ट्यून-२-एफएस वापरून हे प्रमाण नंतर, चालू फाइलसिस्टीमवरही, बदलता येतं.

आता आयनोड. प्रत्येक फाइलला, प्रत्येक फोल्डरला एक आयनोड लागतो, आणि त्यांची संख्या फाइलसिस्टीम बनवतानाच ठरते. एवढ्या मोठ्या डिस्कला मूळ कॉन्फिगरेशन दर ६४ केबीला एक आयनोड देतं, म्हणजे साधारण २६.८ कोटी. प्रत्येकी २५६ बाइट धरले तर ६४ जीबी खर्च. 'लार्जफाइल-४' हा प्रकार निवडला तर दर ४ एमबीला एकच आयनोड मिळतो. एकूण सुमारे ४२ लाख, खर्च १ जीबी. वाचले ६३ जीबी, म्हणजे डिस्कच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी.

आणि गमावलं काय? समजा, कोणी मोठ्या प्रतिमांचे १०० केबीचे तुकडे करून ठेवले. ४२ लाख तुकडे झाले की डिस्क ३ टक्केही भरलेली नसताना 'जागा शिल्लक नाही' असा एरर येणार. उपाय एकच: सगळा डेटा दुसरीकडे हलवा आणि फाइलसिस्टीम नव्याने बनवा. डिस्क वाढवली तरी प्रमाण तेच राहतं.

हे प्रमाण नंतर बदलता येत नाही, असा इशारा पानावर आहे, नाही असं नाही. पण तो 'आय' या पर्यायाखाली. 'टी' पर्यायातून प्रकार निवडणारा तिथे कशाला जाईल? त्या प्रकारामागचा आकडा तर आणखी वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये. शिवाय नाव असं, की मोठ्या फाइल्स असतील तर हेच घ्यावं असं वाटतं. ते मुख्यतः आयनोड कमी करतं, हे नावातून कळतच नाही. (एक्सएफएस आयनोड लागतील तसे बनवते, म्हणून तिथे हा प्रश्न या रूपात येत नाही.)

माझं म्हणणं एवढंच: असं पान वाचताना कागदावर दोन रकाने आखा, 'नंतर बदलेल' आणि 'बदलणार नाही'. वेळ दुसऱ्या रकान्याला द्या. तिथे शंका असेल तर मूळ सेटिंग ठेवा, ६३ जीबीचा मोह सोडा. संशोधनाचा आराखडा करतानाही हेच. आलेख पुन्हा काढता येतो, पण नमुने गोळा करताना जे नोंदवलंच नाही, ते नंतर कुठून आणणार?