विद्युत गिटारचा 'स्वच्छ' नाद : रचनाभेदाचा तौलनिक विचार

विद्युत गिटारविषयीच्या लेखनात 'क्लीन टोन' अर्थात स्वच्छ नाद ही संज्ञा बहुधा अभावदर्शक अर्थाने योजली जाते. ध्वनिवर्धकाने विकृत न केलेला नाद तो स्वच्छ, एवढ्यावरच व्याख्या थांबते. तथापि एकाच ध्वनिवर्धकावर फेंडर स्ट्रॅटोकास्टर आणि गिब्सन लेस पॉल वाजविल्या असता ऐकू येणारे दोन नाद इतके भिन्न असतात की, ही व्याख्या त्या भेदाविषयी काहीच सांगत नाही. रूढ समीक्षा भेदाचे श्रेय सहजपणे लाकडाला देते आणि खरेदीदार त्या श्रेयाची किंमत मोजतो. म्हणूनच त्याचे मूळ तपासणे आवश्यक ठरते.

१९५४ मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन सिंगल कॉइल पिकअप असतात. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, अशी त्यांची रचना असते. असा पिकअप तारेचा अरुंद भागच टिपतो; त्यामुळे वरचे उपस्वर शाबूत राहतात व नाद काचेसारखा लखलखीत वाटतो. पण हाच पिकअप आसपासच्या वीजवाहिन्यांची घरघरही टिपतो. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांनी तिच्यावर उपाय म्हणून परस्परविरुद्ध जोडलेल्या दोन कॉइलचा 'हमबकर' सिद्ध केला. १९५७ पासून तो लेस पॉलवर आला. त्यात घरघर लोपते. मात्र तारेचा रुंद भाग एकदम टिपला गेल्याने काही वरचे उपस्वरही क्षीण होतात. येथे संज्ञेतील विसंगती उघड होते. विद्युतदृष्ट्या अधिक स्वच्छ असलेल्या पिकअपलाच श्रोते 'गढूळ' म्हणतात, आणि घरघरणाऱ्याला स्वच्छ!

लाकडाच्या प्रश्नावर लेस पॉलचाच इतिहास बोलका आहे. १९५२ ते १९५७ या काळातील लेस पॉलवर पी-९० हे सिंगल कॉइल पिकअप होते. महोगनीचे धड, त्यावरील मेपलचा थर, मेरू ते घोडी सुमारे २४.७५ इंचांचे अंतर, हे सारे पुढेही तसेच राहिले. पिकअप बदलला आणि नादातील धार सौम्य झाली. लाकडाचा वाटा शून्य आहे, असे यावरून ठरत नाही. मात्र तो प्रथम क्रमांकाचा मानणे या उदाहरणापुढे टिकत नाही. फेंडरमधील २५.५ इंचांच्या अंतरामुळे त्याच जाडीच्या तारेला त्याच स्वरासाठी अधिक ताण द्यावा लागतो, हाही घटक लाकडाइतकाच विचारात घ्यावयास हवा.

'हमबकर म्हणजे मंद नाद' हे समीकरणही तपासून पाहावे लागते. लव्हर पुढे फेंडरमध्ये गेले. १९७२ च्या टेलिकास्टर कस्टमवर त्यांनीच रचलेला 'वाइड रेंज' हमबकर आहे. गिब्सनच्या रचनेत कॉइलखाली एक चुंबकपट्टी आणि तिच्याशी जोडलेले पोलादी खांब होते. येथे तांबे, निकेल व लोह यांच्या मिश्रधातूचे खांबच चुंबक झाले. कॉइल दोनच, पण नाद लक्षणीय उजळ. म्हणजे रचनेचे नाव सांगून भागत नाही. चुंबक, वेढे आणि घोडीपासूनचे अंतर सांगावे लागते. तानपुऱ्याची जवारी जाणणाऱ्या वाचकास हे नवे वाटू नये.

काही वेळा तर रचनाकाराच्या हेतूबाहेरचा नादच आदर्श ठरतो. स्ट्रॅटोकास्टरची कळ मुळात तीन स्थानांची होती. वादक ती दोन स्थानांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवीत. फेंडरने पाच स्थानांची कळ दिली ती १९७७ मध्ये. आज 'खास स्ट्रॅट' म्हणून ओळखला जाणारा पोकळसर, चटकदार नाद या मधल्या स्थानांचा आहे.

या चटकदारपणालाच स्वच्छता मानण्याची सवय मात्र एकांगी आहे. जॅझमध्ये वेस माँटगोमेरी यांनी गिब्सनच्या पोकळ धडाच्या एल-५ वर नखी न वापरता अंगठ्याने काढलेला नाद गडद आहे, त्यात लकाकी अल्प आहे. तरीही गुंतागुंतीच्या स्वरसंघातील प्रत्येक स्वर त्यात वेगळा ऐकू येतो.