ज्ञानाचे गुण वाढले, पण वॉर्डात काय बदललं?

मागच्या महिन्यात माझी एक मैत्रीण शिवाजी पेठेत घरी आली होती. ती स्टाफ नर्स आहे, नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते आणि आता एम.एस्सी. नर्सिंग करतेय. प्रबंधाचा विषय ठरला होता: कमी वजनाच्या बाळाच्या काळजीबद्दल मातांच्या ज्ञानावर शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. साठ माता, आधी प्रश्नावली, मग चाळीस मिनिटांचं व्याख्यान, सातव्या दिवशी पुन्हा तीच प्रश्नावली. "सहा महिन्यांत होतंय गं," ती म्हणाली. मी विचारलं, "आणि निष्कर्ष काय येणार?" ती हसली. "गुण वाढले. दुसरं काय येणार?"

तेच तर म्हणायचंय. निकाल आधीच माहीत असेल तर त्याला संशोधन का म्हणायचं? शिकवल्यावर लगेच विचारलं तर उत्तरं येतातच. तुलनेला दुसरा गट नसेल, तर गुण व्याख्यानामुळे वाढले, की तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवल्यामुळे, की वॉर्डात आठवडाभर बघून बघून, हे कळायला मार्ग नाही. ‘पी’ची किंमत ०.०५ च्या खाली आली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आणि मुख्य म्हणजे, बाळाचं काय झालं हे कोणी मोजलंच नाही.

आता याच्या शेजारी आपल्याच राज्यातला एक अभ्यास ठेवून बघूया. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी, ४७ गावं तुलनेसाठी. काळजी घेणाऱ्या गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका. वजन, ताप, श्वास मोजणं, बाळाला ऊब देणं, स्तनपानाला मदत करणं आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, अशी त्यांची कामं. तिसऱ्या वर्षी दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू प्रयोगाच्या गावांत २५.५ आणि तुलनेच्या गावांत ५९.६ होते.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती इंजेक्शनच्या आधीची. त्यांनी पहिल्या वर्षी ७६३ नवजात बाळांची घरात नीट नोंद ठेवली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती, मिळाले फक्त २.६ टक्के बाळांना. म्हणजे आधी प्रश्न मोजला, मग उत्तर शोधलं. आपण बहुतेक वेळा उत्तर (व्याख्यान!) आधी धरतो आणि त्याला शोभेल असा प्रश्न नंतर लिहितो.

पण मोठं नाव दिसलं की हात जोडायचे, असंही नको. या अभ्यासाकडे टीकेच्या नजरेनं बघा. एक, कोणती गावं कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. दोन, जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, हा आकडा सगळे सांगतात. पण ती आधी आणि नंतरची तुलना आहे, १६३ पैकी २७ विरुद्ध ७१ पैकी २. तीन, सगळं एकत्र दिलं, त्यामुळे कशाचा वाटा किती हे सुटं करणं अवघड. म्हणून पुढचे अभ्यास महत्त्वाचे ठरतात. बांगलादेशात सिल्हेटमध्ये गट चिठ्ठीनं ठरवून तसाच प्रयोग झाला. २००८ च्या त्या अहवालात घट ३४ टक्के होती. परिणाम टिकला, आकडा लहान झाला. पुरावा असाच घडतो बघा.

पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर घरी जाऊन नवजात बाळं बघू लागल्या. पण गडचिरोलीत गावातली बाई जे इंजेक्शन देत होती, ते राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या हातात आलं नाही. २०१४ च्या सूचनांत ते एएनएमला दिलं गेलं. सावधगिरीची कारणं असतील. तरी मग ‘गडचिरोलीचा पुरावा वापरला’ असं सरसकट म्हणता येत नाही. अर्धी कृती वापरली, तर परिणामही नव्यानं मोजायला हवा.

आता मैत्रिणीच्या वॉर्डाकडे येऊ. २०२१ मध्ये जन्मानंतर लगेच कांगारू मातृसेवा देण्याचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाच देश, त्यात भारतही, बाळं १ ते १.८ किलोच्या आतली. लगेच सुरुवात केलेल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, बाळ स्थिर होईपर्यंत थांबलेल्या गटात १५.७ टक्के. हे वाचून आपण काय करतो? मातांना कांगारू मातृसेवेचे फायदे सांगणारं व्याख्यान! पण त्या प्रयोगात खरा बदल वेगळाच होता. अतिदक्षता विभागातच आईसाठी खाट होती. तिथं बाळ दिवसाला सुमारे १७ तास छातीशी राहिलं, दुसऱ्या गटात दीड तास. आईला ज्ञान असून उपयोग काय, जर ती दुसऱ्या मजल्यावर आणि बाळ काचेपलीकडे?

शेवटी मैत्रिणीनं विषय बदलला. आता ती वॉर्डात प्रत्येक बाळ रोज किती तास छातीशी असतं हे नोंदवणार आहे, आणि नसतं तेव्हा का नसतं, हेही: खाट नाही, आई टाक्यांमुळे बसू शकत नाही, रात्रपाळीला एकच सिस्टर, सासूबाई नको म्हणतात. मार्गदर्शकांना वाटतं, यात ‘परिणामकारकता’ नाही. नसू दे. पुढच्या वर्षी कुणीतरी खाट टाकून बघेल, तेव्हा तुलनेला तिचे आकडे असतील.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा एक करा. निकाल काय येणार हे कागदावर आधी लिहून ठेवा. खात्रीनं लिहिता आलं, तर विषय बदला.