राहुलमाता : एका भित्तिचित्राचे अवलोकन

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, अंतराळाच्या भिंतीवर, भिक्षापात्र घेतलेल्या तथागतांसमोर यशोधरा बाल राहुलाला पुढे करून उभी आहे. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या ५ व्या शतकातील, हे चित्र आदर्श मातृत्वाचे प्रतीक म्हणून गौरविले जाते. पुष्कळदा तर केवळ माता आणि पुत्र एवढाच भाग वेगळा काढून छापलेला आढळतो. आमच्या मते, असे केल्याने चित्राचा अर्थच हरवतो.

चित्रकाराने तथागतांची आकृती भव्य, तर माता-पुत्रांच्या आकृती लहान रेखाटल्या आहेत. या प्रमाणात श्रद्धा आहेच. परंतु एकाच कुटुंबातील तिघांमध्ये आता केवढे अंतर पडले आहे, हेही त्यातूनच कळते.

विनयपिटकातील महावग्गानुसार, मातेच्या सांगण्यावरून राहुल पित्याकडे वारसा मागतो आणि त्याला प्रव्रज्या मिळते. तेव्हा शुद्धोदन आपले दुःख बोलून दाखवितो आणि माता-पित्यांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम होतो. राहुलमातेच्या तोंडी मात्र दुःखाचा एक शब्दही नाही.

ग्रंथात या प्रसंगी जी मूक राहिली, तिला चित्रकाराने भिंतीवर स्थान दिले. तिच्या मातृत्वाचा गौरव करताना, वारसा मागावयास पाठविलेला पुत्र घरी परतला नाही, याचा विसर पडता कामा नये. म्हणूनच हे चित्र तिघांसह, अखंडच पाहिले पाहिजे.