विटांमधले अंतराळयान : हौस, हिशेब आणि थोडी समीक्षा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या नाटकाचे, पुस्तकाचे किंवा मैफलीचे परीक्षण असते. यंदा मी ज्या वस्तूचे परीक्षण करणार आहे, ती बहुतेकांना स्वतःच्या घरी सोफ्याजवळ सापडते, आणि तीही अनवाणी पायाला! लेगोच्या विटा आणि त्यांतून बांधलेली अंतराळयाने हा माझा विषय. व्यवसायाने मी आयटी कन्सल्टंट. एम.एस्सी. करायला इंग्लंडात आलो आणि इथेच रमलो. ‘मुलांच्या खेळण्यात बापाची लुडबुड कशाला?’ असे कुणी म्हणेल. पण विटांचे यान ही कलाकृती असू शकते असा माझा दावा आहे. आणि कलाकृती म्हटली की तिच्यात डावे-उजवे करता आले पाहिजे. ‘अय्या, किती छान!’ एवढ्यावर भागत नाही.

डावे-उजवे करायचे कशावरून? दुकानदाराचे उत्तर सोपे आहे : तुकड्यांच्या संख्येवरून. ‘स्टार वॉर्स’मधले प्रसिद्ध यान ‘मिलेनियम फाल्कन’ घ्या. त्याचा मोठा संच २००७ साली आला तेव्हा त्यात पाच हजारांहून थोडे जास्त तुकडे होते. २०१७ च्या संचात ते ७,५४१ झाले, आणि इथली किंमत होती जवळजवळ ६५० पौंड. दोन्ही संच मी जवळून पाहिले आहेत. २०१७ चा संच निःसंशय सरस आहे. आतला सांगाडा भक्कम आहे, वरचे पत्रे बारीक कोनांत बसवले आहेत, आतल्या खोल्याही दाखवल्या आहेत. तरीही बांधून झाल्यावर मनात येते, की यात माझे काय? गोल अँटेना लावायची की चौकोनी, म्हणजे जुन्या चित्रपटांतले यान करायचे की नव्या, एवढीच काय ती निवड माझ्या हाती. बाकी सगळे पुस्तिकेत पानोपानी ठरलेले. हा संच म्हणजे उत्तम छापलेले ग्रंथराज आहे. तो विकत घेतल्याने आपण लेखक होत नाही.

याउलट २०२२ चा ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ पाहा. तुकडे अवघे १,२५४. १९७९ च्या एका लाडक्या संचाची ही मोठी आवृत्ती. हे यान कुठल्याही चित्रपटात नव्हते, ते विटांतच जन्मले. त्यामुळे त्याला दुसऱ्या कशासारखे दिसण्याची धडपड करावी लागत नाही. विटांवरची ती गोल बटणे इथे लपवलेली नाहीत. ती अंगभर मिरवली आहेत. शिवाय त्याच तुकड्यांतून आणखी दोन याने बांधता येतात. त्या जुन्या काळच्या खोक्यांच्या मागच्या बाजूला त्याच विटांतून होणारी वेगळी मॉडेल्स छापलेली असत, पण ती कशी बांधायची हे दिलेले नसे. चित्र बघा आणि डोके चालवा! माझ्या मते त्या खोक्याची मागची बाजूच सगळ्यात मोलाची होती. २०२० पासून प्रौढांसाठी काळ्या खोक्यांत, ‘१८+’ असे छापून संच येऊ लागले. ते देखणे आहेत, पण बहुतेक सगळे शोकेससाठी. खेळणे मोठे झाले आणि खेळ लहान झाला, असे मला वाटते.

म्हणूनच स्वतः रचलेल्या यानाकडे मी वळतो. इथे पुस्तिका नसते, प्रत्येक निर्णय बांधणाऱ्याचा असतो, आणि निर्णय असला की त्यावर वाद घालता येतो. उदाहरण म्हणून मी ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातले ‘डिस्कव्हरी’ यान घेतो, कारण ते मी आणि माझ्या मुलीने मिळून गेल्या हिवाळ्यात रचले. स्टॅन्ली कुब्रिक आणि आर्थर क्लार्क यांचा हा चित्रपट १९६८ चा. त्याचे बरेचसे काम आपल्या शेजारच्याच बोरहॅमवुडमधल्या एमजीएम स्टुडिओत झाले. लंडनच्या उत्तरेला राहणारी आपली कितीतरी मंडळी त्या गावावरून रोज ये-जा करतात. त्या स्टुडिओत व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या इंजिनिअरिंग कंपनीने ३८ फूट व्यासाचे अख्खे फिरते चाक बांधले होते, अंतराळवीर त्यात धावताना दाखवायला. यानाचे मोठे मॉडेल सुमारे ५४ फूट लांब होते. त्याच्या अंगावरचे बारकावे करायला बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लॅस्टिक मॉडेलचे सुटे भाग चिकटवलेले होते. म्हणजे तिथेही मूळ कारागिरी किडूकमिडूक जुळवण्याचीच! पुढे ती मॉडेल्स नष्ट करण्यात आली, आणि १९८४ च्या ‘२०१०’ या पुढच्या चित्रपटासाठी जुन्या चित्रफितीवरून अंदाज घेत हे यान नव्याने बांधावे लागले.

‘डिस्कव्हरी’ ओळखायला सोपे आहे. पुढे माणसांचा गोल, मागे इंजिने, आणि मधे लांबच लांब कणा. इंजिने अणुशक्तीवर चालतात, म्हणून माणसे त्यांच्यापासून शक्य तितकी दूर ठेवली आहेत. अंतराळात हवा नाही, म्हणून विमानासारखे निमुळते नाक नाही, पंख नाहीत. यानाचा सगळा अर्थ त्या बारीक कण्यात आहे. कणा जाड केला की यान नुसते खेळणे होते, आणि बारीक ठेवला की मोडते. परीक्षकाने सगळ्यात आधी पाहायची जागा हीच.

आता थोडा हिशेब, कारण या कलेचे व्याकरण गणितात आहे. दोन बटणांमधले अंतर ८ मिलिमीटर. चपट्या पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर. म्हणजे पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर, आणि दोन बटणांची रुंदीही नेमकी १६ मिलिमीटर. या एका योगायोगावर विटा आडव्या वळवून बसवण्याचे सगळे तंत्र उभे आहे. गोल बांधायचा तर नुसत्या विटा एकावर एक रचून भागत नाही. वरून-खालून जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. त्याऐवजी मधे एक ठोकळा घ्यायचा, त्याच्या सहाही बाजूंना बटणे बाहेरच्या दिशेने काढायची, आणि प्रत्येक बाजूवर चपट्या पट्ट्यांचा घुमट चढवायचा. सहा घुमट एकमेकांना नेमके भिडतात, कारण पाचाला दोन हे प्रमाण सगळीकडे जमते. आमचा गोल १४ बटणांचा, म्हणजे ११.२ सेंटिमीटरचा. १४ बटणे म्हणजे ३५ पट्ट्या, हिशेब बिनचूक!

गोलाच्या सुमारे नऊपट लांबी धरली, तर यान एक मीटरच्या थोडे वर जाते. त्यातले ७६.८ सेंटिमीटर कण्याचे. टेक्निक प्रकारची सगळ्यात लांब विट सोळा बटणांची, १२.८ सेंटिमीटरची. अशा सहा लागतात. नुसत्या टोकाला टोक जोडल्या तर प्रत्येक सांधा बिजागरीसारखा वागेल. म्हणून गवंडी भिंत बांधतो तसे केले : शेजारी दुसरी रांग घेतली आणि तिचे सांधे पहिल्या रांगेच्या सांध्यांपासून आठ बटणे सरकवले. तुळई आडवी न ठेवता उभी ठेवली, कारण उंची दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. इथे एक गंमत लक्षात घ्या. खऱ्या यानाला अंतराळात वजनच जाणवत नाही; मॉडेलला मात्र आमच्या दिवाणखान्यातले गुरुत्वाकर्षण रोज सोसावे लागते. संगणकावर ‘स्टुडिओ’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये आराखडा केला तेव्हा कणा सुतासारखा सरळ होता. पडद्यावर काहीच लवत नाही. आमच्या धंद्यातही डेमो कधी लवत नाही!

हौशी मंडळींत याबाबत दोन पंथ आहेत. एक पंथ कण्यातून लोखंडी सळई घालून मोकळा होतो. दुसऱ्याला सळई आणि गोंद दोन्ही निषिद्ध. मी दुसऱ्या पंथाचा, पण सोवळेपणामुळे नव्हे. सळई घातली की ताकद सळईची आणि विटा नुसत्या अंगरखा. मग त्या विटांचे कौतुक कशाचे? आम्ही गोल पोकळ ठेवून वजन कमी केले आणि यानाला दोन ठिकाणी आधार दिला, एक गोलाच्या लगेच मागे आणि दुसरा इंजिनांच्या पुढे. आधार काळ्या विटांचा आहे. तो लपवलेला नाही, पण डोळ्यात भरतही नाही. कुठल्याही यानाचे परीक्षण करताना त्याचे स्टँड जरूर पाहा. बांधणाऱ्याने कुठे हार मानली आणि कुठे नाही, ते तिथे कळते.

रंगाचा प्रश्नही किरकोळ नाही. पांढऱ्या विटा उन्हाने पिवळ्या पडतात. करडा घ्यावा, तर २००४ च्या सुमारास कंपनीने आपला करडा रंग बदलून थोडा निळसर केला. जुना आणि नवा करडा शेजारी ठेवले की यानाला ठिगळ लावल्यासारखे दिसते. पुष्कळ हौशी मॉडेल्स इथे गुण गमावतात. काही जण मात्र दोन्ही करडे मुद्दाम मिसळून यान वापरलेले, जुने दाखवतात, आणि ते सुंदर दिसते. तीच वस्तू एका ठिकाणी दोष आणि दुसऱ्या ठिकाणी गुण. मधे फरक फक्त विचाराचा.

आता खरा वाद सांगतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने शाळेत उष्णतेचा धडा शिकल्यावर विचारले, “बाबा, अणुभट्टी आहे तर तिची उष्णता जाते कुठे?” प्रश्न बिनतोड होता. निर्वात जागेत उष्णता बाहेर टाकायला प्रारणाखेरीज दुसरा मार्ग नाही. त्यासाठी मोठे पृष्ठभाग लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकालाही असे रेडिएटर आहेत. ‘डिस्कव्हरी’च्या सुरुवातीच्या आराखड्यांतही ते होते. पण प्रेक्षकांना ते पंख वाटतील, आणि हवा नसलेल्या जागी पंख कशाला असा घोळ होईल, म्हणून चित्रपटात ते काढून टाकले. मी तिला हे सांगितले आणि म्हणालो, “आपण चित्रपटातलं यान करतोय. त्यात नाहीत, म्हणून आपणही नको लावूया.”

ती म्हणाली, “मग हे मॉडेल कशाचं आहे बाबा? यानाचं, की सिनेमाचं?”

विटांच्या यानांवर मी बरेच वाचले आहे, पण याहून चांगला समीक्षेचा प्रश्न मला भेटलेला नाही. माझे मत आजही असे आहे, की कुब्रिकचा निर्णय योग्य होता. त्या यानाचा एकटेपणा त्याच्या उघड्या कण्यामुळेच जाणवतो. दोन्ही बाजूंना फळ्या लावल्या तर ते पतंगासारखे दिसेल. तिचे मत, की जे यान आतल्या आत शिजून जाईल ते सुंदर असूच शकत नाही. तिने रेडिएटर स्वतः रचले, पांढऱ्या पट्ट्यांचे, कण्याला चार टाचण्यांनी अडकवता येतील असे. पाहुणे आले की ती ते लावते. मी ते काढतो. आमच्याकडे सध्या एक नव्हे, दोन ‘डिस्कव्हरी’ आहेत असे म्हणायला हरकत नाही. आणि मी निःपक्षपातीपणे सांगतो, तिच्या रेडिएटरचा सांधा माझ्या गोलापेक्षा नेटका आहे.

हे सगळे आपल्याला अगदी परके आहे असेही नाही. दिवाळीत आपण किल्ले बांधत होतो, तेव्हा कुणाकडे पुस्तिका होती? माती, विटा, पोती, वर पेरलेले अळीव. दरवाजापेक्षा मावळा उंच आणि मावळ्यापेक्षा वाघ मोठा! प्रमाणाचा पार बोजवारा, तरी शेजारच्या वाड्यातली मुले येऊन गंभीरपणे टीका करून जात, ‘तुमचा बुरूज ढासळणार,’ आणि आपण तो रात्रीतून नीट करत असू. लेगोतही हाच मावळ्याचा प्रश्न आहे. तो छोटा बाहुला सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो. आमच्या प्रमाणात खरा माणूस जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा होईल. म्हणून आम्ही यानात एकही बाहुला ठेवला नाही. ज्यांना बाहुला हवाच, त्यांनी यान तिप्पट लांब करावे किंवा किल्ल्याचा न्याय लावावा. दोन्ही मान्य, पण निवडले आहे हे दिसले पाहिजे.

इथे आपल्या मुलांना काही कमी नाही. वाढदिवसाला मोठमोठी खोकी येतात, दोन दिवसांत बांधून होतात आणि कपाटावर धूळ खात बसतात. मुले पुस्तिकेतली पायरी न चुकता पाळतात, आणि आपणही मुलांचे कौतुक बहुतेक त्याचसाठी करतो. पाठ करून म्हणणे, नेमून दिलेले बिनचूक करणे. माझ्या कामात मी रोज पाहतो, की नेमून दिलेले बिनचूक करणारे पुष्कळ मिळतात. ‘हे असंच का?’ असे विचारणारा मिळायला वेळ लागतो. ती सवय विटांनी लागते असे मी म्हणत नाही. पण पुस्तिका मिटवली, तर निदान तिला जागा मिळते.

म्हणून कार्यकारिणीला एक सूचना. पुढच्या दिवाळीच्या कार्यक्रमात रांगोळी आणि कंदिलांच्या शेजारी एक लांब टेबल मांडावे. मुलांनी आणि हौशी आई-बाबांनीही आपापले यान, किल्ला, जे हवे ते विटांतून रचून आणावे. बक्षीस नको, प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामावर एक चांगली आणि एक खटकलेली गोष्ट, दोन्ही कारणांसकट सांगावी. अट एकच : सूचनापुस्तिका घरी ठेवून यायचे.