नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्यात कौतुक असते, दुसऱ्यात अवहेलना. आपल्या बीड जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांत रूढ असलेली नावे या दृष्टीने एकदा तपासून पाहावीत, असे आम्हांस वाटते.

पुष्कळ भाविकांची समजूत अशी, की अंथनी, फ्रान्सिस, मेरी ही नावे तेवढी ख्रिस्ती. अंगद, आसाराम, लक्ष्मी ही मागे टाकावयाची. संतांच्या नावाचे मोल आम्ही जाणतो. त्याबरोबर बालकाला स्वर्गातील एक कैवारी लाभतो. १९१७ च्या धर्मसंहितेचा ख्रिस्ती नावाविषयी आग्रह होता; आईबापांनी ते ठेवले नाही, तर धर्मगुरूने संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असा दंडक होता. घरात अंकुश आणि नोंदवहीत अंथनी, ही जोडनावे त्याच वळणाची. परंतु १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच सांगते, की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. परके कोणते, हाच खरा प्रश्न.

देवदेवतांवरून पडलेले नाव परके म्हणावे, तर संत पौलाच्या सहकाऱ्यांनाच नावे ठेवावी लागतील. अपुल्लोस हे नाव ग्रीकांच्या अपोलो देवावरून आलेले; किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचे नावही ग्रीक देवतेचे. पौलाने दोघांचा उल्लेख त्याच नावांनी आणि आदराने केला आहे. आपल्या महाराष्ट्रात नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे लक्ष्मीबाईही झाल्या. नारायण आणि लक्ष्मी याच नावांनी ती दोघे मराठी ख्रिस्ती साहित्याचे भूषण ठरली. वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. तिकडील नावांना तो इतिहास आहे. आपला मुलूख निजामाच्या राज्यातला. परदेशी वळणाचे नाव येथे अधिक पवित्र ठरण्याचे कारण नाही. विश्वास, करुणा, शांतवन, कृपा या नावांतही शुभवर्तमान आहेच.

मग परके ते कोणते? दगडू, धोंडू, भिका ही नावे कानाला ओबडधोबड लागतात; पण त्यांच्यामागे मुले दगावलेल्या आईबापांची माया आहे. दगडधोंड्याला कोणाची दृष्ट लागणार, अशा भाबड्या आशेने ती ठेवली गेली. त्यांत अंधश्रद्धा आहे, तिरस्कार नाही. आजोबांचे असे नाव कोणी लपवू नये.

‘नकुशी’ची गोष्ट निराळी. मुलीच्या पाठीवर मुलगी झाली, म्हणून तिला जन्मभर तिच्याच नावाने ‘नको’ म्हणावयाचे! सातारा जिल्हा परिषदेने २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. त्याच वर्षीच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. राज्यात सर्वांत कमी. नावाने नाकारण्याच्याही पुढे आपला जिल्हा गेला होता. देवाच्या प्रतिमेनुसार निर्माण झालेल्या जीवाला ‘नको’ म्हणणे, याहून ख्रिस्ती भावनेला परके काय असेल? विठ्ठल हे नाव ऐकून कपाळाला आठ्या घालणारे आपले लोक नकुशी ऐकून गप्प बसतात, याचे आम्हांस नवल वाटते.

उत्पत्तीच्या पुस्तकात राहेल प्रसूतीत प्राण सोडताना मुलाचे नाव बेनओनी, म्हणजे आपल्या दुःखाचा पुत्र, असे ठेवते. याकोब ते बदलून बन्यामीन, उजव्या हाताचा पुत्र, असे करतो. दुःख खरेच होते. पण ते लेकराच्या गळ्यात बांधू नये, एवढे त्या बापाला कळले.

आपल्याकडे बारशालाच आत्या नाव ठेवते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरचे बालक तर कित्येकदा हंगाम सरल्यावरच स्नानसंस्काराला येते. तोवर नाव रुळलेले असते. तरीही त्या विधीत आईबापांना प्रथम विचारले जाते ते नावच. तो केवळ उपचार नव्हे. चुकलेले नाव सुधारण्याची ती वेळ आहे. आत्याबाईंनी पाळण्यापाशी आणि धर्ममातापित्यांनी वेदीपाशी एवढेच पाहावे: नाव मराठी असो वा संताचे, जुने असो वा नवे, ते ऐकताना लेकराला आपण या घरात हवे आहोत, असे वाटले पाहिजे.