एक वचन, तीन वाचने : हिब्रू भविष्यकथने आणि मराठी वाचनपरंपरा

धर्मग्रंथातील भविष्यकथनांचा अर्थ लावणे हे धर्मशास्त्राचे काम मानले जाते, आणि त्यामुळे मराठी समीक्षा या विषयापासून सहसा दूर राहिली आहे. वस्तुतः हा वाचनव्यवहाराचाही प्रश्न आहे. एकच हिब्रू संहिता ख्रिस्ती आणि मुस्लिम वाचक आपापल्या परंपरेची साक्ष म्हणून वाचतात. 'जो येणार आहे' त्याचा शोध दोघेही तिच्यात घेतात, आणि तो दोघांनाही सापडतो. हा भेद श्रद्धेचा आहे, हे उघडच आहे. परंतु वाचनाचे एकक कोणते मानायचे, अखंड कथा की सुटे वचन, या निर्णयातच अर्थाची दिशा बऱ्याच अंशी ठरून जाते, हे तितकेसे उघड नाही. मराठीच्या प्रदेशात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. कारण येथे या दोन वाचकांच्या शेजारी, त्या संहितेला स्वतःची मानणारा तिसरा मराठीभाषक वाचकही शतकानुशतके नांदला आहे.

ख्रिस्ती वाचनाचा मराठीतील सर्वांत समर्थ आविष्कार म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात, रायतूर येथे छापला गेला. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच तारणाऱ्याच्या जगातील आगमनाचा निर्देश आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत : 'पैले पुराण' हिब्रू ग्रंथांतील कथेचे, 'दुसरे पुराण' येशूचरित्राचे. ही विभागणी केवळ सोयीची नाही. हिब्रू ग्रंथ येथे स्वयंपूर्ण राहत नाही, तो पूर्वार्ध होतो. पूर्वार्ध म्हटले की उत्तरार्धाची अपेक्षा आलीच. निरनिराळ्या शतकांत, निरनिराळ्या प्रसंगी उच्चारलेली संदेष्ट्यांची वचने ओवीच्या एकाच प्रवाहात येतात आणि एकाच सूत्रात ओवली जातात. शिवाय पुराणाचा श्रोता भविष्यकाळी निवेदनाला सरावलेला असतो. कल्कीची कथा तो घडण्यापूर्वीच ऐकत आलेला असतो. त्यामुळे 'येणार आहे' आणि 'आला' यांच्यामधील सांधा त्याला युक्तिवादाने पटवून द्यावा लागत नाही. स्टीफन्स यांच्या ग्रंथात हे काम पुराण हा साहित्यप्रकारच करतो.

मुस्लिम वाचनाची घडण निराळी आहे. येथे प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. येशूला 'मसीह' ही उपाधी कुराण स्वतःच देते. तेव्हा मसीह कोण, हा या दोन परंपरांतील मुख्य वाद नव्हे. वाद आहे तो मोशेसारखा संदेष्टा कोण, याविषयी. तौरात आणि इंजील यांत पैगंबरांचा उल्लेख आढळतो, असे कुराणात (७:१५७) सांगितले असल्याने त्या उल्लेखाचा शोध ही मुस्लिम विद्वानांची जुनी परंपरा आहे. भारतात तिला नवे रूप आले ते मिशनऱ्यांशी झालेल्या वादांतून. मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी १८५४ मध्ये आग्रा येथे पाद्री फांडर यांच्याशी जाहीर वाद केला, आणि पुढे अरबीत 'इज़हारुल हक़' हा ग्रंथ लिहिला. मुनाझरा, म्हणजे वादसभा, हा या वाचनाचा साहित्यप्रकार होय. त्यात कथा सांगितली जात नाही, वचनाची उलटतपासणी होते. प्रतिपक्षाचाच ग्रंथ साक्षीदार म्हणून उभा केला जातो आणि त्याच्या एकेका शब्दाला प्रश्न विचारला जातो.

या दोन पद्धतींचा कस मोशेच्या पाचव्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात लागतो. इस्राएलांच्या भावांमधून मोशेसारखा संदेष्टा उभा केला जाईल, असे आश्वासन तेथे आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पेत्र हे वचन येशूकडे वळवतो. मुस्लिम भाष्यकार 'भाऊ' या शब्दावर बोट ठेवतात : इस्राएलांचे भाऊ म्हणजे इश्माएलाचे वंशज, आणि मोशेप्रमाणे नवे विधिशास्त्र देणारा संदेष्टा त्यांच्यातच झाला. मराठी वाचकाला हा पेच चटकन उमगावा. 'भाऊ' म्हणजे एका आईची लेकरे, की एका मूळ पुरुषापासून फुटलेल्या सर्व शाखा, हे 'भाऊबंद' म्हणणाऱ्या भाषेला शिकवावे लागत नाही. मूळ ग्रंथही एकाच बाजूने कौल देत नाही. त्याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजा भावांमधून असावा, परका नसावा, असे म्हटले आहे. तेथे भाऊ म्हणजे इस्राएलच. पण दुसऱ्या अध्यायात एसावाच्या वंशजांनाही भाऊच म्हटले आहे. पंधराव्या वचनातील 'तुझ्यामधून' हा हिब्रू शब्द ख्रिस्ती अर्थाला बळ देतो, तर अठराव्या वचनात तो शब्द नाही, आणि पेत्राच्या उद्धरणातही नाही. संहितेतील ही फट दोन्ही वाचनांना जागा देते.

मात्र दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे : वचनाचा संदर्भ मागे पडतो. या वचनाच्या आधी शकुन पाहणारे आणि मृतांना विचारणारे यांच्याकडे जाण्याचा निषेध आहे, आणि नंतर खोट्या संदेष्ट्याची पारख सांगितली आहे. ज्योतिष्याच्या जागी संदेष्टा, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून यहुदी भाष्यकारांपैकी राशी येथे संदेष्ट्यांची परंपरा पाहतो, तर इब्न एझ्रा यहोशवाचे नाव घेतो. दूरच्या शतकातील एका पुरुषाचे चित्र त्यांना येथे दिसत नाही.

या तिसऱ्या वाचनाचे वारस कोकणातील बेने इस्राएल. त्यांची भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी त्यांना हिब्रू शिकवली. ज्या वचनांतून येशू सिद्ध व्हावा, ती वचने त्यांना मुळातून वाचता यावीत, ही त्यामागची एक अपेक्षा होती. फळ मात्र निराळे मिळाले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी त्याच हिब्रूच्या बळावर यहुदी प्रार्थना मराठीत आणल्या, आणि समाज आपल्या परंपरेत अधिक दृढ झाला.

या तीन वाचनांचे अंतर एलीयाच्या बाबतीत मुंबई आणि कोकणच्या भूगोलातच उमटलेले दिसते. मलाखीच्या ग्रंथाच्या अखेरीस एलीया पुन्हा पाठवला जाईल, असे वचन आहे. ख्रिस्ती परंपरेने ते बाप्तिस्मा देणाऱ्या योहानात पूर्ण झालेले मानले. मुंबई उपनगरातील साष्टीत, अंधेरीच्या सीप्झ परिसरात, त्या योहानाच्या नावाचे १५७९ चे चर्च भग्नावस्थेत उभे आहे. मुस्लिम वाचक याच योहानाच्या प्रसंगातून उलट पुरावा काढतात : तू ख्रिस्त आहेस काय, एलीया आहेस काय, तो संदेष्टा आहेस काय, असे तीन प्रश्न योहानाला विचारले गेले, अर्थात 'तो संदेष्टा' ख्रिस्ताहून वेगळा. बेने इस्राएलांसाठी एलीया अजून यायचाच आहे. तरीही अलिबागजवळच्या खंडाळ्यास त्याच्या रथाची खूण खडकावर उमटल्याची त्यांची श्रद्धा आहे, आणि मलिद्याच्या विधीत त्याचे स्मरण होते. येथे वचनाची पूर्ती कथेत होत नाही, वादात सिद्ध होत नाही. ती प्रतीक्षेच्या रूपाने विधीत जपली जाते.

पुराण, मुनाझरा आणि विधी या तीन प्रकारांनी एकाच संहितेचे तीन ग्रंथ केले आहेत. त्यांतील कोणता खरा, हे सांगणे समीक्षेचे काम नाही. परंतु भाषांतरातच निर्णय कसा होऊन जातो, हे दाखवणे तिचे कामच आहे. एकाच हिब्रू शब्दासाठी मराठी बायबल जुन्या करारात 'अभिषिक्त' म्हणते आणि त्याच्या ग्रीक प्रतिशब्दासाठी नव्या करारात 'ख्रिस्त' म्हणते. उर्दू वाचकाला मात्र 'मसीह' या शब्दात हिब्रूचा धागा थेट ऐकू येतो. दुसऱ्याच्या ग्रंथाला आपला साक्षीदार करताना मूळ वाचकाचे म्हणणे निरर्थक ठरवण्याचा मोह ख्रिस्ती पुराणाला जसा झाला तसाच मुस्लिम वादग्रंथालाही झाला. हा मूळ वाचक मराठीतून बोलत आला आहे. त्याला वगळून या भविष्यकथनांचा कोणताही अभ्यास मराठीत पूर्ण होऊ शकत नाही.