लोणारच्या गाळातील मिथेनजनक : तीन निबंधांचे परीक्षण

लोणारचे सरोवर मराठी वाचकास अपरिचित नाही. लीळाचरित्रात त्याचा उल्लेख आहे. ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. आणि तेथील खारांना डल्ला, पापडी, खुप्पल अशी निरनिराळी नावे देण्याइतकी लोकभाषाही त्या पाण्याशी जवळीक राखून होती. भूशास्त्रज्ञांचा वाद विवराच्या वयाचा आहे: कोणी ते बावन्न हजार वर्षांचे मानतात, तर २०११ मधील आरगॉन-मापनाने ते पावणेसहा लाखांच्या आसपास नेऊन ठेवले. प्रस्तुत परीक्षणाचा विषय मात्र त्या पाण्याखालचा काळा गाळ, आणि त्या गाळात प्राणवायूवाचून जगून मिथेन वायू निर्माण करणारे सूक्ष्मजीव, हा आहे.

या विषयावरील तीन निबंध एकत्र वाचण्याजोगे आहेत. पहिला ठक्कर व रानडे यांचा, २००२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेला. त्यात लोणार विवरातून वेगळ्या केलेल्या क्षारप्रिय मिथेनोसार्सिनाचे वर्णन आहे. दुसरा सुराकासी, वाणी, शौचे व रानडे यांचा, २००७ चा. त्यात समृद्ध संवर्धांचे जातिवृत्तीय विश्लेषण करून मिथेनोकॅल्क्युलस व मिथेनोक्युलियस या दोन प्रजातींतील जीव वेगळे केलेले आहेत. तिसरा, २०१० चा, अँटनी, शौचे, मरेल प्रभृतींचा असून तो मिथेन निर्माण करणाऱ्यांविषयी नसून मिथेन, मिथेनॉल आणि मिथिल अमाइन खाणाऱ्यांविषयी आहे.

पहिल्या दोन निबंधांचे यश लहान नव्हे. मिथेनजनकांचे शुद्ध संवर्धन हे अत्यंत चिकाटीचे काम आहे. प्राणवायूचा अंशही बाटलीत राहून चालत नाही, आणि वाढ मंद असते. तथापि जीवाचे नाव निश्चित होणे आणि त्याचे सरोवरातील कार्य निश्चित होणे या दोन भिन्न गोष्टी होत. रायबोसोमीय आर.एन.ए.च्या जनुकावरून कुळ कळते. व्यवसाय कळतोच असे नाही. वूज आणि फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारे मिथेनजनकांना जीवाणूंपासून वेगळे काढले, तेव्हापासून हा रेणू इतका प्रतिष्ठित झाला आहे की पुष्कळदा त्याच्याकडून त्याच्या अधिकाराबाहेरची साक्ष काढली जाते.

मुख्य प्रश्न असा: लोणारच्या गाळातील मिथेन कशापासून होतो? मिथेनोकॅल्क्युलस व मिथेनोक्युलियस या दोन्ही प्रजाती हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांवर, तसेच फॉर्मेटवर जगतात. आता दहाच्या आसपास पी.एच. असलेल्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड वायुरूपाने जवळजवळ राहतच नाही. तो बायकार्बोनेट व कार्बोनेट होऊन बसतो. शिवाय जेथे सल्फेट उपलब्ध असते तेथे हायड्रोजनवर सल्फेट-क्षपण करणारे जीवाणू आधी हक्क सांगतात. याउलट ट्रायमिथिल अमाइनसारख्या मिथिल संयुगांसाठी त्यांची स्पर्धा फारशी नसते. क्षारयुक्त पाण्यातील अनेक जीव परासरणाचा ताण सोसण्यासाठी ग्लायसिन बीटेन साठवतात. ते कुजले की ट्रायमिथिल अमाइन निघते. लोणारच्या पाण्यास हिरवा रंग देणाऱ्या स्पायरुलिनाचा विचार करता हा मार्ग तेथे गौण असेल असे मानण्यास आधार नाही. मिथेनोसार्सिना ही प्रजाती मिथिल संयुगांवर वाढणारी असल्याने २००२ चा लहानसा निबंध या प्रश्नाच्या अधिक जवळ जातो, असे म्हणावे लागेल.

बाटलीत हायड्रोजन भरला की हायड्रोजन खाणारेच वर येणार, हा आक्षेप २००७ च्या निबंधावर घेता येईल. पण तो सरसकट घेणे अन्यायाचे होईल. मिथेनोकॅल्क्युलसच्या क्षारप्रिय जाती पुढे २०१३ व २०१५ मध्ये आल्ताई प्रदेशातील सोडा-सरोवरांतूनही वर्णिल्या गेल्या. म्हणजे या प्रजातीचे लोणारमधील अस्तित्व आगंतुकाचे नव्हते. मिथेनोक्युलियसविषयी तसे म्हणवत नाही. ती प्रजाती शेणखळ्यांच्या टाक्यांपासून सागरी गाळापर्यंत सर्वत्र आढळते, आणि सरोवरात गोड्या झऱ्यांचे पाणी सतत येत असते. ती तेथील रहिवासी की वाटसरू, हे तिच्या नावावरून ठरणार नाही. निरनिराळ्या क्षारतेवरील तिच्या वाढीवरूनच ठरेल.

येथे आनुवंशिकी उपयोगी पडते. २००२ मध्येच मिथेनोसार्सिना बार्केरीमध्ये पायरोलायसिन या बाविसाव्या अमिनो अम्लाचा शोध लागला. मिथिल अमाइनांपासून मिथेनकडे जाणारी वाट ज्या एंझाइमांनी सुरू होते, त्यांच्या जनुकांत यू.ए.जी. हा संकेत मध्येच येतो. इतरत्र त्याचा अर्थ 'थांबा' असा होतो, येथे तो पायरोलायसिन असा वाचला जातो. हे ध्यानात न घेता जनुकक्रम यंत्राकडून वाचून घेणाऱ्या विद्यार्थ्यास ते जनुक तुटके वाटेल व तो ते टाकून देईल. मिथेन निर्मितीच्या अंतिम पायरीचे, म्हणजे मिथिल को-एंझाइम एम रिडक्टेजचे, जनुक सापडले तर मिथेनजनक आहे एवढेच कळते. पायरोलायसिनचा संच आणि मिथिल ट्रान्सफरेज ही जनुके सोबत सापडली, तर तो कशावर जगू शकतो हेही कळते.

तिसऱ्या निबंधाची पद्धत या दृष्टीने अनुकरणीय आहे. गाळाला जड कार्बनची खूण असलेले अन्न देऊन ती खूण कोणाच्या डी.एन.ए.त उतरली हे पाहिले गेले. मिथेनवर मिथिलोमायक्रोबियम, मिथेनॉलवर मिथिलोफॅगा, मिथिल अमाइनवर बॅसिलस असा निकाल आला. मिथिल अमाइन डिहायड्रोजनेजचे जनुक मात्र हाती लागले नाही, म्हणून तेथे निराळा मार्ग असावा असे लेखकांनी सुचवले. काही जीवांनी दुसऱ्याचे उष्टे खाऊन खूण मिळवली असेल, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. पण येथे खाणाऱ्यांची चौकशी खुणेने झाली आणि निर्माण करणाऱ्यांची बाटलीने. त्यामुळे हिशेबाच्या दोन बाजू जुळत नाहीत. खूण केलेले ट्रायमिथिल अमाइन प्राणवायूविरहित गाळाला देऊन निघणारा मिथेन मोजल्यावाचून त्या जुळणारही नाहीत.

या कामास उशीर परवडणारा नाही. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत त्याचे कारण लवणप्रिय आर्किया असल्याचे आढळले. क्षारता वाढली काय किंवा गोड्या पाण्याने घटली काय, बीटेनचा साठा बदलणार, आणि त्याबरोबर मिथेनजनकांतील वाटणीही. २००२ व २००७ मधील संवर्ध हे त्या वेळच्या सरोवराचे नमुने आहेत. लोणार छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. सकाळी काढलेला गाळ दुपारपर्यंत विद्यापीठातील निर्वात पात्रात पोचू शकतो. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, एकाच जागेचा गाळ घेऊन आरंभ करता येईल.